निर्लेखित जीप आणि वारज्याची वाट

सरकारी कार्यालयांच्या मराठीत 'निर्लेखन' असा एक शब्द रूढ आहे. वापरून झिजलेली किंवा दुरुस्तीचा खर्च परवडेनासा झालेली वस्तू कार्यालयाच्या नोंदीतून कायमची कमी करणे म्हणजे तिचे निर्लेखन करणे होय, आणि असे निर्लेखन झाल्यावर ती वस्तू बहुधा जाहीर लिलावात विकली जाते. पश्चिम महाराष्ट्रात बेताच्या पैशांत आडवाटेवर चालणारी चारचाकी घेण्याचा जो व्यवहार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला, त्याचा उगम शोधू गेल्यास तो बहुतांशी या एका शब्दापाशीच येऊन थांबतो. जुन्या मोटारीचा बाजार एका कुटुंबाकडून दुसऱ्या कुटुंबाकडे चालत आला. जुन्या जीपचा बाजार मात्र लष्कर, जिल्हा परिषद, वन विभाग, पाटबंधारे खाते यांच्या आवारांतून बाहेर पडला, आणि ती जीप सामान्य माणसाच्या दारात येईपर्यंत तिचे दोन-तीन जन्म तरी होऊन गेलेले असत.

पुण्याच्या नैर्ऋत्येला, मुठा नदीच्या डाव्या काठावर वसलेले वारजे हे या व्यवहाराचे जन्मस्थान नव्हे, परंतु त्याचा उलगडा करण्यास सोयीचे ठिकाण आहे. कर्वे रस्त्याने शहराबाहेर पडणारी वाट वारज्यातून पुढे शिवणे, उत्तमनगर, कोंढवे-धावडे अशी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या 'एनडीए'कडे, आणि तेथून खडकवासल्याकडे जाते. प्रबोधिनी १९५५ च्या जानेवारीत डेहराडूनहून येथे आली, तेव्हापासून या वाटेला लष्करी वाहनांची सवय आहे. खडकवासला जलाशयाच्या कडेने आणखी आत गेल्यास पानशेत आणि वरसगाव ही धरणे लागतात, आणि पाबे घाट ओलांडल्यावर तोरणा-राजगडाच्या पायथ्याचा वेल्हे परिसर सुरू होतो. डांबर संपून मुरूम आणि मुरूम संपून लाल चिखल सुरू होतो अशा दोन-तीन खोऱ्यांच्या तोंडाशी वारजे उभे आहे, आणि पावसाळ्यात अशा खोऱ्यांत पुढची-मागची चारही चाके ओढणाऱ्या वाहनाचे मोल वेगळे सांगावे लागत नसे.

या वाहनाला मराठीने आरंभापासून 'जीप' असेच म्हटले, मग ती कोणत्याही कारखान्याची असो. मूळ जीप ही दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैन्याची. १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून तिचे सहा लाखांहून अधिक नग तयार केले. युद्ध संपल्यावर जगभर या गाड्यांचे ढीग उरले आणि त्यांची विल्हेवाट लावण्यासाठी ठिकठिकाणची सरकारे विक्री करू लागली. भारतात या विक्रीला 'डिस्पोजल' असे नाव पडले आणि 'डिस्पोजलचा माल' हा शब्दप्रयोग तंबू, बूट, घोंगड्यांपासून इंजिनांपर्यंत सगळ्याला लागू झाला. देहूरोड आणि खडकी येथे मोठी लष्करी कोठारे आणि कार्यशाळा असल्याने पुण्याच्या कानाला हा शब्द परका राहिला नाही.

न पाहता जुनी जीप घेतली की काय होते, याचा धडा सामान्य ग्राहकाच्या आधी खुद्द भारत सरकारने घेतला, ही या इतिहासातील एक मजेची बाब. काश्मीरमधील युद्धासाठी सैन्याला जीप तातडीने हव्या होत्या, म्हणून १९४८ मध्ये लंडनमधील तत्कालीन उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची खरेदीपद्धती बाजूस ठेवून दुरुस्त केलेल्या जुन्या जीपांसाठी एका परदेशी व्यापारी संस्थेशी सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. रकमेचा मोठा भाग आगाऊ दिला गेला, प्रत्यक्षात १५५ जीप येऊन पोहोचल्या आणि त्याही सैन्याने वापरण्याजोग्या मानल्या नाहीत. संसदेत बरीच वर्षे गाजलेले हे प्रकरण १९५५ मध्ये गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी बंद झाल्याचे जाहीर केले. राजकीय इतिहासकार त्याकडे स्वतंत्र भारतातील पहिला घोटाळा म्हणून पाहतात; वाहनांच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र तो जुन्या गाडीच्या खरेदीतील सर्वांत सामान्य चुकीचा, म्हणजे गाडी उभी पाहण्याआधी पैसे मोजण्याचा, बड्या प्रमाणावरील नमुना आहे.

देशी जीपचा वंश मुंबईत सुरू झाला. १९४५ मध्ये स्थापन झालेली 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेल्यानंतर १९४८ मध्ये 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली आणि विलीज कंपनीच्या जीपचे सुटे भाग आणून ती माझगाव येथे गाड्यांची जोडणी करू लागली. पुढे परवान्याखाली देशातच तयार झालेली 'सीजे-३बी' ही उंच बॉनेटची जीप कित्येक दशके जवळजवळ त्याच रूपात निघत राहिली. तिचे बॉनेट उंच असण्याचे कारण शोभेचे नव्हते. नव्या इंजिनात हवा आत घेणाऱ्या झडपा वरच्या भागात, म्हणजे 'हेड'मध्ये, बसविल्याने इंजिनच उंच झाले आणि पत्र्याला त्याच्यामागून जावे लागले. एकच साचा इतकी वर्षे चालल्याचा एक परिणाम असा की वीस वर्षांपूर्वीच्या जीपचा भाग नव्या जीपला आणि नव्याचा जुन्याला बसू लागला. जुनी जीप गरिबाला परवडली ती या गुणामुळे; तिच्या मूळ किमतीचा त्यात फारसा वाटा नव्हता.

नवी जीप घेणारा खासगी ग्राहक या काळात विरळा होता. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामूहिक विकास कार्यक्रमाने गटविकास अधिकाऱ्याला जीपमध्ये बसविले, १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्यावर ही संख्या वाढली, आणि बांधकाम, पाटबंधारे, वन, पोलीस, आरोग्य अशा खात्यांनी खेडोपाडी पोहोचण्यासाठी याच वाहनाचा आधार घेतला. साहजिकच गावातल्या माणसाच्या मनात जीप म्हणजे साहेब असे समीकरण बसले. ठरावीक वर्षे आणि ठरावीक अंतर पूर्ण झाले की ही वाहने निर्लेखित होत, कार्यालयाच्या आवारात एखाद्या चिंचेखाली टायर बसेपर्यंत उभी राहत आणि मग 'जसे आहे जेथे आहे' या तत्त्वावर त्यांचा लिलाव होई. या तत्त्वाचा अर्थ असा की वाहन ज्या अवस्थेत आणि ज्या जागी आहे तसेच ते घ्यावयाचे, नंतर कोणतीही तक्रार चालावयाची नाही. लिलाव सहसा मोडीचे व्यापारी घेत, कारण एकेक नग न विकता गठ्ठ्याने विकण्याकडे कार्यालयांचा कल असे. हौशी किंवा गरजू ग्राहकाला गाडी त्या व्यापाऱ्याकडून, म्हणजे एका हाताने महाग होऊनच, मिळत असे.

लष्कराकडून येणाऱ्या वाहनांची वाट थोडी निराळी होती. जबलपूरच्या वाहन कारखान्यात निसान कंपनीच्या 'पॅट्रोल' या वाहनावरून बेतलेली 'जोंगा' तयार होत असे; जबलपूरच्या कारखान्याच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरे जुळवून हे नाव बनले आहे. जवळजवळ चार लिटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन असलेली ही धिप्पाड गाडी सैन्याने सोडल्यावर लिलावात स्वस्त मिळे आणि पेट्रोलच्या टाकीवर मालकाला महाग पडे. लष्करी वाहनाच्या पाटीवर आरंभी वर टोक असलेला बाण आणि त्यापुढे वाहन दाखल झालेल्या वर्षाचे शेवटचे दोन अंक असतात, त्यामुळे जुनी पाटी जाग्यावर असेल तर गाडीचे वय विचारावे लागत नसे. अशा वाहनाची नोंदणी लष्करी अधिकाऱ्यांकडे असते. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ६० नुसार संरक्षणाच्या कामातून ते बाहेर पडले की नागरी नोंदणी नव्याने करावी लागते. लिलावाचा कागद हरवलेली जोंगा म्हणूनच कितीही धडधाकट असली तरी रस्त्यावर आणता येत नसे, आणि तिचे इंजिन, आस व गिअरबॉक्स सुटे सुटे विकले जात. पुण्यात मंगळवार पेठेतील बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आणि नाना पेठेतील सुट्या भागांची दुकाने ही अशा गाड्यांच्या अवयवांची ठरलेली ठिकाणे होती.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि जुन्या जीपच्या व्यापाराला वळण मिळाले. पेट्रोल जीप पाण्याच्या भावात मिळू लागली, तर डिझेल इंजिनाला सोन्याचे दिवस आले. महिंद्राने स्वतः ट्रॅक्टरच्या इंजिनावरून घडविलेले डिझेल इंजिन आणि पुढे फ्रान्सच्या प्युजो कंपनीच्या परवान्याखालील २,११२ घनसेंटिमीटर क्षमतेचे इंजिन जीपमध्ये बसविले. परंतु ज्याच्याकडे जुनी पेट्रोल जीप होती त्याने गॅरेजची वाट धरली. आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीच्या मॅटाडोर गाडीतील, मर्सिडीजच्या परवान्याखाली बनणारे डिझेल इंजिन काढून जीपमध्ये बसविणे हे त्या काळात सर्रास होणारे काम होते. अशा बदललेल्या इंजिनाची नोंद वाहनाच्या नोंदणी पुस्तिकेत, म्हणजे 'आरसी बुक'मध्ये, करून घेणे आवश्यक असे आणि तेच बहुतेकदा राहून जाई. कागदावर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असलेल्या कित्येक जीप त्यामुळे एका मालकाकडून दुसऱ्याकडे निव्वळ विश्वासावर फिरत राहिल्या.

याच सुमारास जीपला तिचा दुसरा, कदाचित सर्वांत कष्टाचा जन्म लाभला. एसटी जेथे दिवसातून दोनदाच जाई तेथे खासगी जीप माणसे भरून धावू लागल्या. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत या वाहतुकीला 'वडाप' म्हणतात, तर मराठवाडा-विदर्भात रंगावरून 'काळी-पिवळी' हे नाव रूढ झाले. लांब पाठीची महिंद्रा कमांडर आणि बजाज टेम्पोची ट्रॅक्स ही या धंद्याची लाडकी वाहने. नऊ-दहा जणांच्या गाडीत त्याच्या दुपटीने माणसे बसत, काही मागे लोंबकळत, आणि हा भार सोसण्यासाठी मागच्या पाट्यांत, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांत, आणखी पट्ट्या वाढविल्या जात. आडवाटेसाठी जीप शोधणाऱ्याला वडापातून निघालेली गाडी स्वस्तात मिळे, परंतु तिच्यात एक मोठी मेख असे. वडापाला माणसे हवी होती, चढ नको होते; म्हणून या गाड्यांपैकी बहुसंख्य गाड्या फक्त मागची चाके ओढणाऱ्या असत. बाहेरून ती हुबेहूब जीप, परंतु खाली वाकून पाहिल्यास पुढच्या आसाच्या मध्यावर 'डिफरन्शियल'चा, म्हणजे दोन्ही चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या दातेरी चक्रांचा, फुगीर डबाच नसे.

या खाली वाकून पाहण्यातूनच जुन्या जीपच्या परीक्षेची एक विद्या तयार झाली, जी पुस्तकांत न शिरता मिस्त्रीकडून मिस्त्रीकडे गेली. तिचे पहिले सूत्र असे की इंजिनाला सर्वांत शेवटी पाहावे. इंजिन थकले असेल तर रिंग-पिस्टन बदलून, बोअर करून ते उभे करता येते आणि तो खर्च आधी सांगता येतो. चॅसिसचे तसे नसते. चॅसिस म्हणजे शिडीच्या आकाराचा लोखंडी सांगाडा. तो गंजून आतून पोकळ झाला असेल, वाकला असेल किंवा त्याला जोड दिलेला असेल, तर वरून केलेल्या रंगाला काही अर्थ उरत नाही. म्हणूनच खाऱ्या हवेत वाढलेल्या कोकणातल्या गाडीपेक्षा घाटावरची गाडी दहा पैसे अधिक देऊनही घ्यावी, असे जुने लोक मानत. त्यानंतर 'ट्रान्सफर केस' पाहावयाची. मुख्य गिअरबॉक्सला जोडलेली ही दुसरी पेटी इंजिनाची शक्ती पुढच्या आणि मागच्या आसांना वाटते, आणि 'लो' या अवस्थेत वेग सुमारे दोन ते अडीच पटीने कमी करून तेवढीच ओढ वाढविते. वर्षानुवर्षे न वापरलेली ट्रान्सफर केस दांडा ओढल्यावर अडकते किंवा चढावर सुटून येते. विकणारा गाडी दाखवायला महामार्गाने डुक्करखिंडीच्या चढावर नेई, आणि अनभिज्ञ ग्राहक त्या चढावर खूश होई. परंतु कोरड्या डांबरावरचा चढ मागची चाके एकटीच चढतात, आणि पुढची चाके खरेच ओढतात की नाही हे पानशेतकडच्या ओल्या मातीतच कळते. कमी पैशांच्या खरेदीत जो ग्राहक फसला तो बहुधा या फरकामुळे फसला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

दरम्यान वारजेही बदलत होते. १९९७ मध्ये शहराभोवतालची अनेक गावे पुणे महापालिकेत आली तेव्हा वारज्याचाही समावेश झाला, आणि मुंबई-बंगळूर महामार्गाचा शहराबाहेरून जाणारा भाग सुवर्ण चतुष्कोन योजनेत चौपदरी झाल्यावर वारज्याचा पूल ही ट्रक आणि मोटारींची मोठी खूण बनली. पेठांतील अरुंद गल्ल्यांत दहा गाड्या उभ्या करायला जागा नव्हती, आणि महामार्गालगतच्या सेवारस्त्यांवर व एनडीए रस्त्यावर मात्र ती होती. त्यामुळे डेंटिंग-पेंटिंग, पाटे, टायर आणि जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीची दुकाने या बाजूस सरकणे ओघाने आले. शेतजमिनीचे तुकडे पडले, त्यांवर आधी पत्र्याची शेड आणि मागून इमारत आली. जुन्या गाडीचा व्यापारी हा शहराच्या कडेचा रहिवासी असतो आणि कड सरकली की तोही सरकतो, हे पुण्यापुरते तरी खरे ठरले.

डिसेंबर १९८५ मध्ये मारुतीने आणलेली जिप्सी या कहाणीत उशिरा महत्त्वाची झाली. सुमारे एक टन वजनाची, आरंभी ९७० आणि १९९६ नंतरच्या 'किंग'मध्ये १,२९८ घनसेंटिमीटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन असलेली ही जपानी घडणीची गाडी सैन्याने मोठ्या संख्येने घेतली. पुढे सैन्याने सोडलेल्या जिप्सी लिलावांतून बाहेर आल्या तेव्हा जोंगाची जागा त्यांनी घेतली. हलकेपणामुळे ती चिखलात रुतत नाही आणि रुतली तरी चार माणसे तिला काढतात, हा तिचा गुण; पाट्यांचा कडकपणा मणक्याला जाणवतो, हा दोष. २०१० मध्ये महिंद्राने थार आणली, २ ऑक्टोबर २०२० रोजी तिचा सर्वस्वी नवा अवतार विक्रीस आला, आणि जीप हे गरजेचे वाहन न राहता हौसेचे झाले. या बदलाचा जुन्या बाजारावर झालेला परिणाम उलटा आहे. नवी, आरामदायी गाडी आल्यावर जुनी स्वस्त व्हावी हा सर्वसाधारण नियम. येथे मात्र शनिवार-रविवारी मावळात गाडी चिखलात घालणाऱ्या तरुणांमुळे मोडीच्या भावाची महिंद्राची जुनी एमएम-५४० जीप आणि उत्पादन थांबलेली जिप्सी या दोन्हींना नवा ग्राहक मिळाला. मिस्त्री ज्याला 'डबा' म्हणत, त्याला आता 'क्लासिक' म्हणतात आणि त्या शब्दाचे पैसे वेगळे पडतात.

मर्यादित पैशांत घेणाऱ्याची अडचण यंत्रापेक्षा कागदांत अधिक आहे, आणि हेही जुनेच दुखणे नव्या रूपात आलेले आहे. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३०, दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीतून, उदाहरणार्थ अन्य जिल्ह्यातून, गाडी आणल्यास नमुना २८ मधील ना हरकत प्रमाणपत्र, कर्ज असल्यास नमुना ३५, ही त्यातील सोपी बाजू. हरियाणातील मंडी डबवाली येथे जुन्या चॅसिसवर नवे अंग चढवून तयार होणाऱ्या उघड्या जीप महाराष्ट्रातही आल्या; परंतु कारखान्याच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल वाहनात करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केल्यावर अशा गाडीचे पासिंग हा जोखमीचा विषय झाला. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर आलेल्या बंदीमुळे तेथील गाड्या स्वस्तात मिळतात खऱ्या, परंतु बारा महिन्यांहून अधिक काळ त्या येथे ठेवल्यास महाराष्ट्राची नवी नोंदणी घ्यावी लागते आणि येथील कर भरावा लागतो, हा हिशेब अनेकांना गाडी दारात आल्यावर सुचतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी मोटारीला ६०० रुपये लागत, ते १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले. तीस-चाळीस वर्षांच्या जीपला २०२५ मध्ये शुल्क आणखी वाढेपर्यंत ते दर पाच वर्षांनी, हरित कराखेरीज, द्यावे लागे.

राहिला प्रश्न ज्या झऱ्यातून हा सारा प्रवाह निघाला त्याचा. केंद्र सरकारच्या नव्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून केंद्र, राज्य शासने, महापालिका, राज्य परिवहन उपक्रम आणि सार्वजनिक कंपन्या यांच्या मालकीच्या, पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. देशाच्या संरक्षणासाठी आणि कायदा-सुव्यवस्थेसाठी वापरली जाणारी चिलखती व इतर विशेष वाहने तेवढी या नियमातून वगळली आहेत. त्या तारखेनंतर पंधरा वर्षे वापरून निर्लेखित झालेली पंचायत समितीची जीप नोंदणीकृत मोडतोड केंद्रात जाते आणि तेथे तिचे तुकडे केले जातात.